किमुराबाईंची चाचणी मराठीत घ्यायची तर: दोन कान, दोन गोलार्ध आणि वीस-वीसचा हिशेब

प्रश्न: ठाण्यात एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी डोरीन किमुरा यांची डायकॉटिक लिसनिंग चाचणी (दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे ऐकवण्याची) मराठी अक्षरांवर घ्यायची आहे. २० मुलगे, २० मुली. स्त्रियांची भाषा मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत वाटलेली असते, म्हणून मुलींत उजव्या कानाचा वरचष्मा (उजव्या कानातले जास्त बरोबर ओळखणे) कमी दिसेल, असे गृहीतक आहे. लॅपटॉप आणि ब्लूटूथ इअरबड्स आहेत. सिनॉप्सिस १५ दिवसांत द्यायचा आहे. काय काय सांभाळावे लागेल?

उत्तर: गृहीतक बदला आणि इअरबड्स घरी ठेवा. एवढे केलेत तर बाकी प्रकल्प चांगला आहे आणि एका सत्रात होण्यासारखाही आहे.

आधी गृहीतकाचे बोलू, कारण तो घोळ पाठ्यपुस्तकांतूनच येतो. किमुरा या कॅनडाच्या. मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ब्रेंडा मिल्नर यांच्या हाताखाली त्यांनी अपस्माराच्या रुग्णांना दोन कानांत एकाच क्षणी दोन वेगळे आकडे ऐकवले. ओळीने तीन जोड्या, म्हणजे सहा आकडे. मग आठवतील ते सांगायचे. ही पद्धत मुळात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ब्रॉडबेंट यांनी अवधानाच्या अभ्यासासाठी वापरलेली. किमुराबाईंच्या हाती वेगळी सोय होती. या रुग्णांच्या मानेतल्या धमनीतून सोडियम अमायटल देऊन एकेक गोलार्ध काही मिनिटे सुन्न करत आणि बोलणे कुठल्या बाजूला आहे ते शस्त्रक्रियेआधी ठरवत. ज्यांची वाचा डावीकडे होती ते उजव्या कानातले आकडे जास्त सांगत, ज्यांची उजवीकडे होती ते डाव्या कानातले. १९६१ साली हे प्रसिद्ध झाले. चाचणीचा पाया हा दुसरा गट आहे. तो नसता तर उजवा कान मुळातच तीक्ष्ण असतो एवढेच म्हणता आले असते.

असे का होते, याचे त्यांचे स्पष्टीकरण आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. प्रत्येक कानाच्या वाटा दोन्ही गोलार्धांकडे जातात, पण विरुद्ध बाजूची वाट जोरकस असते. दोन कानांत एकाच वेळी वेगळे आवाज आले की त्याच बाजूची कमकुवत वाट दबली जाते. मग उजव्या कानातले अक्षर थेट डाव्या गोलार्धात पोचते आणि डाव्या कानातले आधी उजव्या गोलार्धात जाऊन कॉर्पस कॅलोझमवरून, म्हणजे दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलावरून, पलीकडे येते. ज्यांचा कॉर्पस कॅलोझम शस्त्रक्रियेने कापलेला होता अशा रुग्णांत १९६८ साली मिल्नर, टेलर आणि स्पेरी यांनी पाहिले की एकेका कानाला वेगळे ऐकवले तर दोन्ही कान ठीक, पण एकदम ऐकवले की डाव्या कानातले जवळजवळ गायब. १९६४ साली किमुराबाईंनीच सुरावटी वापरल्या तेव्हा डावा कान सरस ठरला.

आता स्त्री-पुरुष. स्त्रियांची भाषा दोन्हीकडे वाटलेली, ही कल्पना किमुराबाईंची नाही. डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर वाचाघात (बोलणे जाणे) पुरुषांत जास्त आणि स्त्रियांत कमी दिसतो, हे १९७० च्या दशकात जेनेट मॅकग्लोन यांनी मांडले आणि त्यावरून ‘स्त्रियांचे अर्धे बोलणे उजवीकडे’ असा अर्थ निघाला. किमुराबाईंनी त्यावर साधा प्रश्न विचारला: मग उजव्या गोलार्धाला इजा झाल्यावर स्त्रियांची वाचा पुरुषांपेक्षा जास्त वेळा जायला हवी, ती जाते का? त्यांच्या रुग्णांत तसे दिसले नाही. मग त्यांनी डाव्या गोलार्धातल्या इजा पुढच्या आणि मागच्या अशा वेगळ्या केल्या. स्त्रियांत वाचाघात प्रामुख्याने पुढच्या भागाच्या इजेने होत होता, पुरुषांत पुढच्या आणि मागच्या दोन्हींनी. पक्षाघातात मागचा भाग जास्त वेळा सापडतो, म्हणून एकूण आकड्यांत स्त्रिया वाचल्यासारख्या दिसतात, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे त्यांनी सांगितलेला फरक एकाच गोलार्धातला, पुढचा-मागचा आहे. तो कानाच्या चाचणीत दिसणारच नाही. रुग्णांच्या इजा काही कोणी ठरवून करत नाही, त्यामुळे या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. पण तुमचे गृहीतक निदान त्यांच्या नावावर घालू नका. व्हायवाला जाणकार परीक्षक भेटला तर पहिला प्रश्न इथेच येईल.

‘दोन्हीकडे वाटलेली’ कल्पना पुन्हा उचलून धरली गेली ती १९९५ साली. ‘नेचर’मधल्या एका एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग काम करतो ते दाखवणाऱ्या स्कॅनच्या) अभ्यासात १९ पुरुष आणि १९ स्त्रियांना यमके जुळवायला दिली होती, निम्म्याहून जास्त स्त्रियांत दोन्ही बाजू उजळल्या. वर्तमानपत्रांनी ते चित्र डोक्यावर घेतले. २००४ साली सॉमर आणि सहकाऱ्यांनी असे १४ अभ्यास, ३७७ पुरुष आणि ४४२ स्त्रिया, एकत्र केले तेव्हा फरक उरला नाही. स्त्रियांचा कॉर्पस कॅलोझम मागच्या टोकाला जाड असतो, या १९८२ च्या दाव्याचेही तेच झाले. तो १४ मेंदूंवर उभा होता आणि १९९७ साली बिशप व वाल्स्टन यांनी ४९ अभ्यास तपासले तेव्हा पडला.

आता वीस-वीसचा हिशेब. डायकॉटिक चाचणीतला स्त्री-पुरुष फरक अनेक अभ्यास एकत्र केलेल्या मोठ्या संकलनांत ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. इथे १ म्हणजे एक प्रमाण विचलन. नॉर्वेतल्या बर्गनच्या गटाने २०१३ साली १,७८२ जणांची नोंद तपासली, तिथेही फरक लहान आणि वयानुसार बदलणारा निघाला. ०.१ चा फरक ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे १,५७० माणसे लागतात. वीस-वीस घेतलीत तर तो सापडण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के, आणि त्यातले ५ टक्के तर फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने मिळतातच. वीस-वीसमध्ये खात्रीने दिसायला फरक ०.९ च्या घरातला हवा. तेवढा कोणालाच सापडलेला नाही. तुम्हाला सापडलाच, तर आधी हेडफोनवर संशय घ्या.

याउलट खुद्द उजव्या कानाचा वरचष्मा दणकट आहे. ४० जणांत प्रत्येकाचा उजवा-डावा फरक तपासला तर ०.४५ इतका परिणामही ८० टक्के खात्रीने पकडता येतो, आणि हा परिणाम साधारणपणे त्याहून मोठा असतो. म्हणून प्रश्न असा ठेवा: मराठी अल्पप्राण स्पर्शांवर (प, त, क, ब, द, ग) उजव्या कानाचा वरचष्मा दिसतो का, आणि आठवड्याने तीच चाचणी पुन्हा घेतली तर त्याच माणसात तो टिकतो का? मुलगे-मुली दोन्ही घ्या, आकडे वेगळे छापा, पण त्यावर निष्कर्ष बांधू नका.

अक्षरे तयार करणे हे सगळ्यात किचकट काम आहे आणि इथेच परदेशी चाचणी जशीच्या तशी उचलता येत नाही. बर्गनच्या चाचणीत प, त, क, ब, द, ग ही सहा व्यंजने ‘आ’ लावून वापरतात. ३६ जोड्या, त्यातल्या ६ सारख्या. मराठीत अडचण घोष व्यंजनांची (ब, द, ग) आहे. आपण ‘बा’ म्हणतो तेव्हा ओठ उघडण्याच्या आधीच कंठात घोष, म्हणजे स्वरतंतूंचे कंपन, सुरू होतो, बऱ्याचदा ८० ते १०० मिलिसेकंद आधी. ‘पा’मध्ये तो ओठ उघडल्यावर लगेच सुरू होतो. आता ‘बा’ आणि ‘पा’च्या फाइल्स सुरुवातीपासून जुळवल्या तर ‘बा’चा स्फोट (ओठ उघडण्याचा क्षण) ‘पा’च्या स्फोटानंतर तेवढ्याच अंतराने पडेल. नंतर आलेले अक्षर जास्त चांगले ऐकू येते हे १९७० पासून माहीत आहे, म्हणजे तुम्ही कानांची नाही, उशिरा येण्याची चाचणी घेऊन बसाल. स्फोट जुळवले तर ‘बा’ची चाहूल आधी लागते. दोन्हीकडून पंचाईत.

यातून सोपी वाट म्हणजे घोष आणि अघोष (प, त, क) यांची जोडी लावायचीच नाही. पा-ता, पा-का, ता-का आणि बा-दा, बा-गा, दा-गा. कान बदलून १२ जोड्या. प्रत्येक जोडी ६ वेळा घेतली की ७२ प्रयत्न, शिवाय दोन्ही कानांत सारखेच अक्षर असलेले १२. एकूण ८४, प्रत्येकी ४ सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटे. ४२-४२ चे दोन भाग करा आणि प्रत्येक भागात १२ जोड्या तीन-तीनदा येतील असे पाहा. ‘का’ हा प्रश्न आहे, ‘गा’ ही आज्ञा आहे, ‘बा’ हाकेत येतो. अर्थामुळे एखादे अक्षर जास्त सांगितले जाते. प्रत्येक जोडी दोन्ही कानांत आलटून पालटून येत असल्याने हे वजन कानांच्या हिशेबात सम होते. मात्र क्रम लावताना एकही जोडी गळू देऊ नका.

ध्वनिमुद्रण एकाच आवाजात आणि एकाच बैठकीत करा. प्रत्येक अक्षर आठ-दहा वेळा म्हणून घ्या आणि लांबी व स्वर जुळणारे निवडा. ३५० ते ४५० मिलिसेकंद पुरे. प्राट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात लहरीचित्रावर स्फोटाची जागा दिसते, ती दोन्ही वाहिन्यांत (चॅनेलांत) एकमेकींवर आणा. एक-दोन मिलिसेकंदांच्या आत बसायला हवी. मग सगळ्या अक्षरांची तीव्रता प्राटमध्येच एका पातळीवर आणा, उदाहरणार्थ ७० डेसिबल. डावी वाहिनी एक, उजवी दुसरी, अशी स्टिरिओ फाइल ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, वेव्ह स्वरूपात साठवा. एमपीथ्री नको, त्यातल्या काही पद्धती जागा वाचवायला दोन वाहिन्यांतला समान भाग एकत्र करतात. फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर न्यायची तर पेन ड्राइव्हवरून न्या. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवून नंतर वाहिन्या शोधत बसू नका.

इअरबड्स का नकोत? दोन बड्स म्हणजे दोन वेगळी यंत्रे. एकाची जाळी मळाने बुजलेली असली की तो कान काही डेसिबलने मागे पडतो आणि तुम्हाला कळतही नाही. कान झाकणारे वायरचे बंद हेडफोन घ्या. लॅपटॉपमधली डॉल्बी, सराउंड, ‘एन्हान्समेंट’ ही सगळी बटणे बंद करा. ती वाहिन्या एकमेकींत मिसळतात. ‘मोनो ऑडिओ’ नावाची सोय चालू राहिली असेल तर दोन्ही अक्षरे दोन्ही कानांत पडतील आणि वरचष्मा शून्यावर येईल. दरवेळी सुरुवातीला फक्त डाव्या वाहिनीत ‘डावा’ आणि फक्त उजव्या वाहिनीत ‘उजवा’ असे दोन शब्द वाजवा आणि समोरच्याला हात वर करायला सांगा. दहा सेकंदांचे काम आहे.

शिवाय पहिल्या भागानंतर हेडफोन उलटे घालायला लावा, आणि निम्म्या लोकांना सुरुवातच उलटी द्या. हेडफोनमधला असमतोल त्याने कापला जातो. उत्तरपत्रिकेवर ‘सुलट’ किंवा ‘उलट’ लिहायला मात्र विसरू नका. उलट भागात डावी वाहिनी उजव्या कानात असते. एक्सेलमध्ये ही अदलाबदल राहून गेली की दोन भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘मराठीत परिणाम दिसत नाही’ असा भलताच निष्कर्ष निघतो.

ऐकण्याची तपासणी टाळू नका. दोन्ही कान ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर २० डेसिबलपर्यंत ऐकत असावेत आणि दोन कानांतला फरक १० डेसिबलपेक्षा जास्त नसावा. ऑडिओमीटर कॉलेजात नसतो. गाईडच्या पत्रासह जवळच्या ऑडिऑलॉजिस्टला विचारा. वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच विषयाची आहे, तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलून पाहायला हरकत नाही. सर्दी झालेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात बोलवा. आणि ठाण्यात हे विचारलेच पाहिजे: गेल्या दोन दिवसांत ढोल-ताशाच्या सरावाला किंवा डीजेसमोर होतात का? तशा आवाजानंतर ऐकण्याची पातळी काही काळ खाली जाते आणि ती दोन्ही कानांत सारखी जाईलच असे नाही. दहीहंडी ते अनंत चतुर्दशी या काळात चाचणी ठेवूच नका. घोडबंदर रोडच्या बाजूची खिडकी असलेली खोली नको; आतली, पडदे आणि पुस्तकांची कपाटे असलेली खोली घ्या आणि पंखा बंद करा. सकाळी आठच्या आसपास कॉलेज बऱ्यापैकी शांत असते.

हाताची पसंती नीट नोंदवा, कारण लिंगभेदाचा खोटा फरक इथून घुसतो. डावखुरे पुरुषांत थोडे जास्त असतात. संकलनांत शक्यता सुमारे सव्वापट येते. डावखुऱ्यांत वाचा उजवीकडे किंवा दोन्हीकडे असण्याचे प्रमाणही जास्त: रासमुसेन आणि मिल्नर यांच्या १९७७ च्या आकड्यांत उजखुऱ्यांपैकी ९६ टक्क्यांची वाचा डावीकडे, डावखुऱ्यांपैकी ७० टक्क्यांची. तुमच्या मुलग्यांत दोन-तीन डावखुरे आणि मुलींत एकही नाही, असे झाले की गणित बिघडले. पहिल्या प्रकल्पात फक्त उजखुरे घ्या.

ते ठरवायला १९७१ ची एडिनबरो प्रश्नावली चालते, पण आपल्याकडे तिची दहा कलमे जशीच्या तशी नकोत. लिहिणे आणि चमचा ही दोन कलमे फारसे सांगत नाहीत. कित्येक घरांत डाव्या हाताने जेवणारे मूल लहानपणीच ‘सरळ’ केलेले असते. झाडूच्या कलमात ‘वरचा हात कोणता’ असे विचारले आहे. ते लांब दांड्याच्या झाडूसाठी आहे, आपली केरसुणी एका हातात मावते. दात घासणे, चेंडू फेकणे, कात्री, काडेपेटी ओढणे ही कलमे भरवशाची. कॅरमचा स्ट्रायकर कुठल्या हाताने मारता, हेही विचारा. क्रिकेटमधली फलंदाजीची बाजू धरू नका. उजव्या हाताने फेकणारे कितीतरी जण डावरी फलंदाजी करतात. ‘लहानपणी हात बदलायला लावला होता का’ हा प्रश्न वेगळा विचारा आणि उत्तर ‘हो’ आले तर त्या व्यक्तीला वगळा.

सूचना एकच वाक्याची ठेवा: ‘जे अक्षर सगळ्यात स्पष्ट ऐकू आले ते सांगा, एकच.’ दोन्ही सांगायला लावले की स्मरणशक्ती मध्ये येते. लक्ष एखाद्या कानावर द्या असे सुचवू नका. नुसत्या लक्षाने वरचष्मा वाढतो, आक्रसतो, कधी उलटतोसुद्धा. उत्तर तोंडी घ्या. कागदावर किंवा स्क्रीनवर घ्यायचेच असेल तर सहा अक्षरे उभ्या रांगेत लिहा. आडव्या रांगेत नजर डावीकडून सुरू होते आणि ती सवय निकालात उतरते. तुम्ही समोर बसा, एका बाजूला नको.

गुण मोजताना उजवीकडची बरोबर उत्तरे वजा डावीकडची, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००. उजवी ३८, डावी २८, चुकीची ६ असतील तर १० भागिले ६६, म्हणजे १५.२. हा त्या व्यक्तीचा निर्देशांक. सारख्या अक्षरांच्या १२ पैकी किमान १० बरोबर नसतील तर तो माणूस हिशेबात धरू नका. त्याला अक्षरेच नीट ऐकू आलेली नाहीत. हा नियम चाचण्या सुरू करण्याआधी सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका, नंतर सोयीने ठरवू नका.

प्रबंधांत सर्रास दिसणारी एक चूक सांगून ठेवावीशी वाटते: ‘मुलग्यांत उजवा-डावा फरक सिग्निफिकंट आहे, मुलींत नाही, म्हणून मुली वेगळ्या.’ हे चालत नाही. ‘सिग्निफिकंट’ म्हणजे पी हा आकडा ०.०५ च्या खाली. मुलग्यांचा पी ०.०४ आणि मुलींचा ०.०७ आला तर दोघांत जवळजवळ काहीच अंतर नसते. दोन गटांचे निर्देशांकच एकमेकांसमोर ठेवून तपासायचे असतात.

गाईडला लिंगभेदच हवा असेल, तर विषय बदलून मनातल्या मनात आकृती फिरवण्याची वँडनबर्ग-क्यूज चाचणी घ्या. १९७८ ची, २० प्रश्न, प्रत्येकात चार पर्याय आणि दोन बरोबर. दोन्ही बरोबर असतील तरच गुण. इथला फरक खराखुरा मोठा आहे. ०.६ धरला तरी प्रत्येक गटात ४५ जण लागतात. वेळेची मर्यादा काढली की तो कमी होतो. २००७ साली टोरांटोत दहा तासांच्या ॲक्शन व्हिडिओ गेमने तो आक्रसला. २०११ साली मेघालयाच्या भागात खासी आणि कार्बी अशा शेजारी समाजांत एक लाकडी कोडे सोडवायला दिले, तेव्हा पितृवंशीय कार्बींत पुरुष पुढे होते आणि मातृवंशीय खासींत अंतर नव्हते. म्हणून ऐरोलीच्या इंजिनिअरिंगचे मुलगे आणि ठाण्याच्या कला शाखेच्या मुली अशी तुलना करू नका. ड्रॉइंगच्या तासांचा फरक तुम्ही मेंदूच्या खात्यावर टाकाल. शाखा, वर्ष आणि गेम खेळण्याचे तास जुळवा. या चाचणीतल्या फरकाचा गोलार्धांशी आपोआप संबंध लागत नाही. हिर्नस्टाइन, हुगडाल आणि हाउसमान यांनी चाळीस वर्षांचे संशोधन २०१९ साली धुंडाळले, तेव्हा गोलार्धांतला लिंगभेद लहान असला तरी आहे, पण क्षमतांमधला फरक त्याने समजावता येत नाही, असाच त्यांचा कल होता.

चाचणी दिलेली मुले ‘माझा मेंदू डावा की उजवा?’ असे हमखास विचारतील. व्यक्तीचा निकाल देऊ नका. उजखुऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांतच उजव्या कानाचा वरचष्मा दिसतो, तर वाचा डावीकडे असते ती ९५ टक्क्यांहून जास्त जणांची. म्हणजे शंभरांत वीस जणांना हा वरचष्मा दिसत नसेल तर त्यातल्या पंधराएक जणांची वाचा डावीकडेच आहे. संमतीपत्रातच ‘वैयक्तिक गुण कळवले जाणार नाहीत, गटाची सरासरी मागितल्यास मिळेल’ अशी ओळ टाका; नंतर फोनवर समजावत बसण्यापेक्षा ते सोपे.